फाउल मान्य, स्ट्रिप अमान्य. मग डिस्क कुणाची?

कृष्णाकाठची

नमस्कार. इथे अल्टिमेट फ्रिस्बी खेळणारे काही जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून कळलं, म्हणून विचारते. न खेळणाऱ्यांनीही वाचलं तर बरं, कारण प्रश्न निम्माच नियमाचा आहे.

मागच्या रविवारी पुण्यात आमचा गटातला शेवटचा सामना होता. मिक्स्ड, म्हणजे मैदानात प्रत्येक संघाचे चार पुरुष आणि तीन बायका. वेळ संपलेली, गुण १२-१२, पुढचा गुण जो करेल तो जिंकणार. त्यांच्याकडे डिस्क होती, आणि त्यांच्या सगळ्यात चपळ मुलीवर मी डिफेन्सला होते. माझं वय ४१, तिचं फार तर २३. मी अर्धं पाऊल मागे राहिले. त्यांच्या हँडलरने, म्हणजे मुख्य फेकणाऱ्याने, स्टॉल काउंट (डिफेन्स दहापर्यंत मोजतो, तेवढ्यात डिस्क फेकायची) सातवर असताना एंड झोनच्या, म्हणजे जिथे झेल घेतला की गुण होतो त्या टोकाच्या पट्टीच्या, डाव्या कोपऱ्यात फोरहँड टाकला. तिने उडी मारली, उजव्या हातात डिस्क आली आणि त्याच वेळी माझं मनगट तिच्या हातावर आपटलं. डिस्क खाली पडली.

ती ओरडली, "स्ट्रिप!"

न खेळणाऱ्यांसाठी सांगते. या खेळात पंच नसतो. जिच्यावर फाउल झाला तीच सांगते आणि जिच्यावर आरोप आहे ती मान्य करते किंवा नाकारते. डिस्क हातात पक्की आल्यावर कुणी ती हाताबाहेर पाडली तर ती स्ट्रिप. एंड झोनमध्ये झेल झाला असता आणि समोरच्याने स्ट्रिप मान्य केली, तर थेट गुण मिळतो. पण झेल पुरा व्हायच्या आधी धक्का लागला असेल तर तो रिसीव्हिंग फाउल. तो मान्य झाला तर गुण नाही, डिस्क तिला गोल लाइनवर, म्हणजे एंड झोन सुरू होतो त्या रेषेवर, मिळते आणि काउंट एकपासून सुरू होतो. आणि नाकारला, म्हणजे कॉन्टेस्ट केला, तर डिस्क जिने किंवा ज्याने फेकली त्याच्याकडे परत.

मी पहिलं वाक्य खरं बोलले. "फाउल मान्य आहे, पण स्ट्रिप नाही. डिस्क अजून फिरत होती." ती म्हणाली, "नाही, मी धरली होती." दोघी धापा टाकत होतो. तेवढ्यात मागून आमचा कॅप्टन ओरडला, "कॉन्टेस्ट कर, कॉन्टेस्ट!" आणि माझ्या तोंडून कॉन्टेस्ट गेलं.

डिस्क त्यांच्या हँडलरकडे परत गेली, काउंट सहापासून. त्याचा पुढचा थ्रो वाऱ्याने उचलला आणि बाहेर पडला. आम्ही पाच पासमध्ये गुण केला. १३-१२.

संध्याकाळी त्यांनी आम्हाला दिलेले स्पिरिटचे, म्हणजे खिलाडूवृत्तीचे, गुण आले. पाच निकष असतात, प्रत्येकी शून्य ते चार, आणि दोन म्हणजे नेहमीसारखा चांगला खेळ. बाकी चारही ठिकाणी दोन होते. न्यायबुद्धीला एक. एकूण नऊ. तो एक माझा आहे हे मला सांगायला कुणी लागलं नाही.

माझा प्रश्न असा. फाउल दोघींना मान्य, फक्त तो झेलाच्या आधी की नंतर यावर वाद, तर डिस्क कुठे जायला हवी होती? आणि फाउल झाला हे एकदा कबूल केल्यावर मला 'कॉन्टेस्ट' म्हणायचा अधिकार होता का?

---

अठरा_मीटर

आधी नियम. झेल म्हणजे न फिरणाऱ्या डिस्कवर टिकून राहिलेला ताबा. "धरली होती" आणि "फिरत होती" ही दोन्ही वाक्यं एकाच क्षणाबद्दल खरी असू शकतात. बोटांना डिस्क लागली, बोटं वळली, पण ती अजून सरकते आहे, तर झेल झालेला नाही. एका हाताने उडी मारून घेतलेल्या डिस्कला हे फार वेळा होतं. तुम्ही समोरून पाहत होता, तिला तळहातात काय जाणवलं ते तिलाच ठाऊक.

आता निकाल. काय घडलं यावर खेळाडूंचं एकमत होत नसेल, तर डिस्क ज्याच्याबद्दल वाद नाही अशा शेवटच्या थ्रोअरकडे जाते. पहिल्या नियमातच हे आहे. तुमच्यात एकमत नव्हतं, डिस्क थ्रोअरकडे गेली. काउंट सातवर थांबला होता, तो जास्तीत जास्त सहापासून सुरू करायचा, तोही बरोबर. माझ्या मते निकालात चूक नाही.

---

ठाण्याचा_हँडलर

अठरा_मीटर, मला हे पटत नाही. एकमत नव्हतं ते कशावर? तिच्यावर फाउल झाला, यावर दोघींचं एकमत होतं. वाद फक्त गुण द्यायचा की गोल लाइनवरून खेळायचं एवढाच. मग जेवढं दोघींना मान्य आहे तेवढं तरी तिच्या पदरात पडायला हवं. गोल लाइनवर डिस्क, काउंट एक. थ्रोअरकडे परत जाणं हा या वादातला मधला मार्ग नव्हताच, तो दोघींच्याही म्हणण्याच्या बाहेरचा निकाल होता.

मी त्या हँडलरच्या जागी कैकदा उभा राहिलोय म्हणून सांगतो. कॉन्टेस्ट झाला की "काही बिघडलं नाही, परत खेळा" असं सगळे म्हणतात. पण वाऱ्यात, शेवटच्या गुणाला, वीस मीटरवरून, सहाचा काउंट घेऊन तोच थ्रो दुसऱ्यांदा टाकणं आणि गोल लाइनवर उभं राहून दहा सेकंदांत दोन हातांवर पास देणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्या थ्रोला दुसऱ्यांदा कुणी फसत नाही, डिफेन्सने तो पाहिलेला असतो. कॉन्टेस्टने नेहमी एक बाजू कमावते, आणि ती बहुतेक वेळा डिफेन्सची असते.

आणि कॅप्टनबद्दल. नियमात चांगल्या स्पिरिटची उदाहरणं दिली आहेत, त्यात पहिलंच हे आहे की आपल्याच गड्याचा कॉल चुकला तर त्याला तसं सांगायचं. तुमच्या कॅप्टनने नेमकं उलट केलं. तो कुठून पाहत होता?

---

कृष्णाकाठची

@ठाण्याचा_हँडलर, तो मैदानाच्या दुसऱ्या कडेला होता. निदान तीस मीटर. त्याला मनगट दिसलं असणं शक्य नाही. पण त्याच्यावर ढकलून मी मोकळी होणार नाही, शब्द माझ्या तोंडून गेला.

---

मातीतला_पंच

ताई, मी फ्रिस्बी कधी खेळलो नाही. जिल्ह्याच्या कबड्डी आणि खो-खो स्पर्धांना बावीस वर्षं पंचगिरी केली. तुमचं लिखाण वाचून एकच वाटलं. स्वतःच्या फाउलचा निवाडा स्वतः करायचा, हा खेळाडूवर अन्याय आहे. शेवटच्या गुणाला, दम लागलेला असताना, संघ मागून ओरडतोय, आणि त्या पोरीने सांगायचं की हो, मी हरवते माझ्या संघाला? दोन पंच उभे करा, शिट्टी द्या हातात. पाच सेकंदांत निकाल. तुम्हाला आठवडाभर झोप नाही असं व्हायचं नाही.

---

अठरा_मीटर

काका, अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये पंच आहेतच. तिथल्या इतर मोठ्या स्पर्धांत ऑब्झर्व्हर असतात, खेळाडूंचं जुळलं नाही तर ते निर्णय देतात. त्यामुळे तुमची सूचना या खेळाला अगदीच परकी नाही.

---

हडसनपल्याड

मी न्यू जर्सीत राहते, मुलगा शाळेच्या संघात खेळतो. इथून जवळच मॅपलवूडला कोलंबिया हायस्कूल आहे, १९६८ साली हा खेळ तिथल्या मुलांनी सुरू केला. शाळेच्या पार्किंगमध्ये त्याची शिळा आहे, कारण ती मुलं रात्री दिव्यांखाली तिथेच खेळायची. ७ नोव्हेंबर १९७० ला शेजारच्या मिलबर्नच्या शाळेशी पहिला शालेय सामना झाला, कोलंबियाने ४३-१० ने जिंकला.

मुलाच्या सामन्यांना बाजूला उभी असते म्हणून एक निरीक्षण. ऑब्झर्व्हर असलेल्या सामन्यांत मुलं एकमेकांशी कमी बोलतात. पटकन त्याच्याकडे वळतात. निकाल लवकर लागतो हे काकांचं खरं आहे.

---

कृष्णाकाठची

काका, तुमच्या प्रतिसादावर दोन दिवस विचार केला. उत्तर देते, राग मानू नका.

मी सांगलीची. शाळेत आणि पुढे कॉलेजात नऊ वर्षं खो-खो खेळले. तुमच्यासारख्याच पंचांच्या शिट्टीवर मोठी झाले आणि त्यांचा धाक अजून पाठीत आहे. आंतरशालेय सामन्यात एकदा धावताना माझा पाय मधल्या पाटीवर पडला. मला तळव्याला जाणवलं. शिट्टी वाजली नाही. मी पुढच्या तीन पावलांत गडी बाद केला, आणि सरांनी नंतर पाठ थोपटली, म्हणाले, डोकं चालतं हिचं. माझ्या मनात तेव्हा एक क्षणही आलं नाही की मी काही चुकीचं केलं. शिट्टी नाही म्हणजे फाउल नाही. मला काय जाणवलं याला खेळात जागाच नव्हती, ते पाहणं पंचाचं काम होतं.

३४ व्या वर्षी ऑफिसमधल्या एकीने मैदानावर ओढून नेलं, १७५ ग्रॅमची ती डिस्क हातात दिली, आणि पहिल्याच आठवड्यात एका कॉलेजच्या पोराने माझा गुण झाल्यावर स्वतःहून सांगितलं, "ताई, तुमचा पाय आत होता, मी जवळून पाहिलं, गुण तुमचाच." त्यामुळे त्याचा संघ हरला. मी या खेळात त्या दिवशी राहिले.

म्हणून पंच आले तर माझी झोप परत येईल हे खरं, पण ती त्या पाटीवरच्या पायाची झोप असेल. ती मला नको.

@अठरा_मीटर, निकाल पुस्तकात बसतो हे समजलं. पण माझी अडचण निकालाची नाही असं आता वाटतं. 'कॉन्टेस्ट' हा शब्द म्हणजे मी काय पाहिलं याची साक्ष आहे. "तू म्हणतेस ते मला दिसलं नाही" एवढाच त्याचा अर्थ. मी तो साक्ष म्हणून वापरला नाही, रडीचा डाव म्हणून वापरला. मला स्ट्रिप अमान्य होती, ती मी मनापासून नाकारली असती. पण मी एका शब्दात फाउलही नाकारला, जो मी पाच सेकंदांपूर्वी कबूल केला होता. दोन वाक्यं हवी होती. "स्ट्रिप मला मान्य नाही. रिसीव्हिंग फाउल मान्य आहे, गोल लाइनवर ये." तिने ते घेतलं असतं की नाही माहीत नाही. मी तिला विचारलंच नाही.

---

ठाण्याचा_हँडलर

हे दुसरं वाक्य आमच्या संघात नव्या मुलांना शिकवायला घेतो. आम्ही सगळ्यांना कॉन्टेस्ट शिकवतो, "काय मान्य आहे ते आधी सांग" हे कधीच शिकवलं नाही.

एक विचारतो. डिस्क पुन्हा खेळात यायच्या आधी कॉल मागे घेता येतो. तुम्हाला ते तेव्हा माहीत होतं?

---

कृष्णाकाठची

माहीत होतं. हँडलर हातात डिस्क घेऊन उभा होता, सगळे आपापल्या जागी जात होते, निदान अर्धा मिनिट मिळाला. मी त्या वेळात माझी जागा शोधत होते, तिच्यापासून किती लांब होते, कुठल्या बाजूला होते. ते अगदी अचूक केलं.

---

मातीतला_पंच

ताई, राग कसला. तुमची ती पाटी मी पाहिली असती तर शिट्टी मारली असती, आणि नसती पाहिली तर तुमच्यासारखंच झालं असतं. बावीस वर्षांत किती पाय सुटले असतील कुणास ठाऊक. एखाद्या पोरीने येऊन सांगितलं असतं की सर, माझा पाय पडला, तर मी काय केलं असतं हे मला आज सांगता येत नाही. कदाचित तिलाच गप्प बसवलं असतं.

त्या मुलीशी बोललात का?

---

कृष्णाकाठची

काल बोलले. स्पर्धेच्या ग्रुपवरून नंबर शोधला, आधी चार ओळी लिहून पाठवल्या. फाउल मला मान्य होता, कॉन्टेस्ट म्हणायला नको होतं, डिस्क तुला गोल लाइनवर मिळायला हवी होती. गुण मात्र अजूनही देणार नाही, डिस्क फिरत होती.

अर्ध्या तासाने तिचाच फोन आला. माफीबद्दल ती फारसं बोलली नाही. डिस्क फिरत नव्हती, यावर मात्र दहा मिनिटं बोलली. तळहाताच्या बुडाशी कड टेकली होती, अंगठा वरून बसला होता, असं सगळं. मी म्हणाले, अंगठा वर यायच्या आधी माझं मनगट आलं. ती म्हणाली, ताई, तुम्ही खालून पाहत होता, अंगठा तुम्हाला दिसणारच नाही.

हे मला सुचलं नव्हतं. खरंच दिसला नसणार.

शनिवारी सकाळी साडेसहाला त्यांच्या सरावाला बोलावलंय. तिचा हँडलर तोच फोरहँड टाकणार, ती उडी मारणार, मी अर्धं पाऊल मागून येणार, आणि कुणीतरी खालून आणि कुणीतरी वरच्या पायऱ्यांवरून फोनवर टिपणार. ठाण्याचा_हँडलर, येताय का? वरच्या पायऱ्यांवर अजून कुणी मिळालेलं नाही.