मण्यांच्या माळेसाठी कोणती तार घ्यावी?

प्रश्न: स्फटिकमण्यांची माळ मी नायलॉनच्या दोऱ्यात ओवली होती, परंतु भोकांच्या धारदार कडांनी तो दोन महिन्यांतच कातरला गेला. आता तार घेताना नेमके काय पाहावे?

उत्तर १: नायलॉनचे आवरण असलेली, बारीक पोलादी धाग्यांची पिळाची तार घ्यावी. ७ धाग्यांची तार ताठ असते आणि एकदा मुडपली की तिची घडी जात नाही. ४९ धाग्यांची मात्र दोऱ्यासारखी लवते, म्हणून महाग असली तरी गळ्यातल्या माळेसाठी मी तीच वापरते.

उत्तर २: जड दगडी मण्यांना ०.४८ मिमी जाडी योग्य ठरते. बारीक भोकांच्या मोत्यांना ती चालणार नाही.

उत्तर ३: गाठ मारू नये, क्रिंप मणी (चेपल्यावर तारेचे टोक घट्ट धरून ठेवणारा धातूचा छोटा मणी) पक्कडीने चेपावा आणि माळ किंचित सैल ठेवावी, कारण गच्च ओवलेल्या तारेचे आवरण कडांवर घासून सोलून निघते.