साडेसात इंची नळीच्या शिकारी रिव्हॉल्व्हरसाठी परवडणारे होल्स्टर कोणते घ्यावे?

मचाणावरून

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेतल्या ओहायोच्या दक्षिण भागात राहतो आणि थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी सुरू होणाऱ्या हरणांच्या बंदूक-हंगामात गेली चार वर्षे शिकारीला जातो. मागच्या वर्षी रुगर कंपनीचे सुपर रेडहॉक हे .४४ मॅग्नमचे रिव्हॉल्व्हर घेतले. ते वापरलेले होते, पण उत्तम स्थितीत होते. नळी साडेसात इंची, एकूण लांबी १३ इंच आणि रिकाम्याचे वजन ५३ औंस, म्हणजे दीड किलो. रिव्हॉल्व्हरवरच बरेच पैसे गेल्यामुळे होल्स्टरच्या बाबतीत मी हात आखडता घेतला आणि तीस डॉलरचे नायलॉनचे होल्स्टर आणले. त्याच्या पाकिटावर ‘मोठे रिव्हॉल्व्हर, साडेसात इंचांपर्यंत’ असे छापलेले होते आणि ते खोटेही नव्हते, कारण नळी आत जाते. पण रिव्हॉल्व्हरच्या घोड्यावरून (मागच्या हॅमरवरून) येणारी वेल्क्रोची पट्टी ताणूनताणून जेमतेम अर्धा इंच चिकटते. एकदा तारेचे कुंपण ओलांडताना ती सुटली आणि रिव्हॉल्व्हर निम्मे बाहेर आले. कुंपणापाशी पोचल्यावर आधी काडतुसे काढायची सवय आहे म्हणून निभावले. मचाणावर खुर्चीत बसलो की नळीचे टोक खुर्चीच्या कडेला टेकते आणि मूठ थेट बरगडीत रुतते. त्यावर कडी म्हणजे, संध्याकाळी पंचवीस पावलांवर मादी उभी असताना मी ती पट्टी सोडवली, तेव्हा असा करकराट झाला की मादी तर गेलीच, पण शेजारच्या ओकवरची खारसुद्धा पळाली.

माझी मर्यादा शंभर डॉलरांची आहे. जाड जाकिटावर आणि नारिंगी बंडीवर वापरता येईल, शिडी चढताना रिव्हॉल्व्हर सुटणार नाही आणि पुढेमागे दुर्बीण बसवली तरी सगळा खर्च पाण्यात जाणार नाही, असे काही आहे का? आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर घ्या, असे कृपया सुचवू नये. इथल्या नियमाप्रमाणे हरणासाठी हँडगनची नळी किमान पाच इंची असावीच लागते, आणि तसेही माझा नेम साडेसात इंचीनेच लागतो.

जुना_गिऱ्हाईक

तुमच्या तक्रारीतला निम्मा दोष होल्स्टरचा नसून पट्ट्याचा असावा, असे मला वाटते. पँटला घालायच्या साध्या पट्ट्यावर दीड किलो वजन एका बाजूला लटकवले तर कितीही महागाचे होल्स्टर कलंडणारच. कमरेलाच लावायचे असेल तर दीड इंच रुंदीचा, दुहेरी कातड्याचा ताठ पट्टा आधी घ्यावा आणि होल्स्टर उजव्या कुशीवर न लावता डाव्या बाजूला, मूठ पुढे येईल असे तिरपे लावावे. तसे लावल्यास बसताना नळी मांडीला समांतर राहते, खुर्चीला टेकत नाही.

दुसरी सूचना खरेदीसंबंधी. बंदुकांच्या बहुतेक जुन्या दुकानांत गल्ल्याच्या आसपास वापरलेल्या होल्स्टरांची एक टोपली असते. शिकारी रिव्हॉल्व्हर विकून टाकणारे त्याचे होल्स्टरही तिथेच टाकून जातात. मला दहा-पंधरा डॉलरांत अस्सल जाड कातड्याची होल्स्टरे तिथे मिळालेली आहेत. मात्र रेडहॉक आणि सुपर रेडहॉक ही नावे सारखी वाटली तरी दोघांची अंगे वेगळी आहेत, हे विसरू नये. सुपर रेडहॉकची चौकट (फ्रेम) काडतुसांच्या फिरत्या चक्राच्या पुढे नळीवर बरीच लांबपर्यंत गेलेली असते. त्यामुळे साध्या रेडहॉकच्या मापावर घट्ट साचेबंद केलेल्या होल्स्टरात ते अर्ध्यावरच अडकते. म्हणून दुकानात रिकामे रिव्हॉल्व्हर घेऊन जावे, दारातच मालकाला तसे सांगावे आणि तिथल्या तिथे घालून पाहावे. खाली तोंड उघडे असलेले होल्स्टर आखूड नळीसाठीचे असले तरी चालते. दोन इंच नळी खालून बाहेर राहिली तर बिघडत नाही. चापाभोवतीची कडी पूर्ण झाकलेली असणे मात्र आवश्यक आहे, तिथे तडजोड नको.

अँकरेजकर

मी अलास्कात सोळा वर्षे आहे. इथे मोठे रिव्हॉल्व्हर बहुतेक लोक छातीवर बांधतात, आणि त्यामागे हौस नाही, अडचण आहे. केनाई द्वीपकल्पातल्या रशियन नदीवर सामन मासे धरायला छातीपर्यंत येणारी रबरी विजार घालून पाण्यात उतरावे लागते. अशा वेळी कमरेचे होल्स्टर एकतर विजारीच्या आत दडते, नाहीतर पाण्यात बुडते, आणि त्याच माशांसाठी अस्वलेही त्याच काठावर आलेली असतात. त्यामुळे छातीच्या मधोमध तिरपे बसणारे, एक वादी खांद्यावरून आणि दुसरी पाठीमागून बरगड्यांभोवती घेणारे होल्स्टर इथे रूढ झाले. वसिला गावच्या डायमंड डी या कारागिरांचे कातडी छाती-होल्स्टर त्यासाठी नावाजलेले आहे. गनफायटर्स कंपनीचे ‘केनाई’ त्याच धाटणीचे, पण कायडेक्स या कडक प्लास्टिकचे आहे.

तुमच्या कामाला ही पद्धत कमरेपेक्षा कितीतरी सोयीची ठरेल. वजन खांदा आणि पाठ यांत वाटले जाते. चालताना, गाडीतून उतरताना, खुर्चीत बसताना नळी कशालाही अडकत नाही. जाकीट कितीही जाड असले तरी वाद्या सैल करून सगळे वरून चढवता येते. मुख्य म्हणजे हातमोजा घातलेला हात थंडीत नैसर्गिकपणे जिथे असतो, तिथेच मूठ सापडते. अडचण दोन ठिकाणी येते. होल्स्टरात परत ठेवताना नळीचे तोंड डाव्या दंडावरून जाऊ शकते, म्हणून डावा हात आधी बाजूला घ्यावा, बोट चापापासून दूर ठेवावे आणि नजर खाली ठेवून सावकाश ठेवावे. घाईचे काहीच कारण नसते, कारण शिकारी रिव्हॉल्व्हर झटकन बाहेर काढण्यासाठी नसतेच, ते दिवसभर वागवण्यासाठी असते. दुसरी अडचण किमतीची. हाताने शिवलेली छाती-होल्स्टरे दीडशे डॉलरांच्या पुढेच जातात.

त्यावर एक मध्यममार्ग आहे. सिम्पली रग्डसारखे काही कारागीर कमरेचे चपटे होल्स्टर एकटे विकतात आणि त्यालाच जोडता येणाऱ्या छातीच्या वाद्या वेगळ्या विकतात. यंदा होल्स्टर घ्यावे, ताठ पट्ट्यावर वापरावे आणि पुढच्या वर्षी वाद्या घ्याव्यात, म्हणजे एकदम भार पडत नाही. कायडेक्सबद्दल मात्र माझे मत फारसे अनुकूल नाही. पाऊस आणि बर्फ यांत ते उत्तम टिकते, परंतु एकाच मॉडेलच्या साच्यावर घडवलेले असल्यामुळे दुसरे काही त्यात बसत नाही आणि रिव्हॉल्व्हर काढताना होणारा ‘टक’ असा आवाज शांत रानात तुमच्या वेल्क्रोइतकाच महागात पडेल.

मचाणावरून

दोघांचेही आभार. अँकरेजकर, छातीवर होल्स्टर आले की नारिंगी बंडी झाकली जाणार नाही का? इथे बंदूक-हंगामात ती सर्वांत बाहेरच्या थरावर आणि दिसेल अशी असणे बंधनकारक आहे.

अँकरेजकर

बंडी जाकिटावर आणि होल्स्टर बंडीवर घालावे. होल्स्टर आणि वाद्या मिळून बंडीचा थोडाच भाग झाकतात. पाठ आणि खांदे मोकळेच राहतात. बंडीच्या आत मात्र कधीही बांधू नये, कारण रिव्हॉल्व्हर परत ठेवताना सैल कापड त्याच्याबरोबर होल्स्टरात ओढले जाते आणि चापाच्या कडीत शिरते. शिडीबद्दल तुम्ही विचारले होते. छातीवरचे असो वा कमरेचे, भरलेले रिव्हॉल्व्हर घेऊन मचाणावर चढूच नये. काडतुसे काढून ते होल्स्टरासकट दोरीला बांधावे, वर बसून पाठीचा सुरक्षा-पट्टा अडकवल्यावर हळू ओढून घ्यावे आणि मग भरावे.

रापी_आणि_आरी

मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या टेक्सासात असतो आणि शनिवार-रविवारी चामड्याचे काम करतो. शंभर डॉलरांच्या आत चांगले कातडी होल्स्टर हवे असेल तर ते स्वतः शिवावे, असे मी सुचवीन, आणि हे वाटते तितके अवघड नाही.

कातडे निवडताना एकच गोष्ट पाहावी. ते वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेले असावे. आपली कोल्हापुरी चप्पल बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या कातड्याची असते आणि म्हणूनच ती ओली करून ठोकली की पायाचा आकार धरते. होल्स्टरलाही हाच गुण लागतो. क्रोमने कमावलेले, जाकिटांसाठीचे मऊ कातडे कितीही देखणे असले तरी ते आकार धरत नाही आणि त्यातल्या क्षारांमुळे पोलादावर डाग पडतात. इथे कातड्याची जाडी औंसांत सांगतात. एक औंस म्हणजे एका इंचाचा चौसष्टावा भाग. तुमच्या रिव्हॉल्व्हरसाठी आठ ते नऊ औंसांचे, म्हणजे सुमारे साडेतीन मिलिमीटर जाडीचे खांद्याचे कातडे योग्य ठरेल. टँडीसारख्या चामड्याच्या दुकानांत खांद्याचा पूर्ण तुकडा सवलतीच्या दिवसांत घेतला, तर होल्स्टर, वाद्या आणि वर एक पट्टा एवढे सगळे त्यातून निघते.

पहिल्या प्रयत्नात बहुतेकांचे चुकते ते कागदावरच. रिकामे रिव्हॉल्व्हर कागदावर आडवे ठेवून पेन्सिल अगदी उभी धरून कडा आखावी आणि शिवणीसाठी आखलेल्या रेषेबाहेर किमान पाऊण इंच सोडावे. चक्राच्या ठिकाणी आणखी थोडे जास्त, कारण सुपर रेडहॉकचे चक्र पावणेदोन इंचांहून रुंद आहे आणि कातडे त्यावरून वळसा घेऊन येते. ही जागा सोडली नाही, तर शिवून झाल्यावर रिव्हॉल्व्हर आत जात नाही. माझ्या पहिल्या होल्स्टराचे हेच झाले आणि आता त्यात आमच्या सौभाग्यवतींची कापडाची मोठी कात्री राहते. चापाच्या बाजूला दोन थरांमध्ये कातड्याची एक अरुंद पट्टी घालावी, म्हणजे शिवण नळीवर घासत नाही आणि होल्स्टर चेपत नाही. आरीने इंचाला पाच-सहा भोके पाडून मेण लावलेला दोरा दोन सुयांनी दोन्ही बाजूंनी ओढावा. आपले चांभार टाका घालताना जसा दोन्ही हातांनी झटका देतात, तसाच झटका प्रत्येक टाक्याला हवा.

शिवून झाले की होल्स्टर कोमट पाण्यात बुडवून काढावे. रिव्हॉल्व्हर रिकामे असल्याची पुन्हा खात्री करून ते स्वयंपाकघरातल्या पातळ प्लास्टिकच्या दोन घड्यांत गुंडाळावे. नळीच्या वरच्या बाजूला, नेम धरायच्या पुढच्या माशीपासून मागे, पेन्सिलीएवढी एक लाकडी काडी चिकटपट्टीने लावावी. त्यामुळे कातड्यात आतून पन्हाळीसारखी खोबण राहते आणि बाहेर काढताना माशी कातडे खरवडत नाही. मग सगळे आत सारून चमच्याच्या पाठीने चक्राच्या कडा, चौकटीचा उंचवटा आणि चापाची कडी यांवर घोटत राहावे. तासाभराने रिव्हॉल्व्हर काढून पुसून तेल लावून ठेवावे आणि होल्स्टर सावलीत दोन दिवस वाळू द्यावे. उन्हात किंवा भट्टीत वाळवले तर ते आक्रसते आणि कडांना तडकते. वाळल्यावर थोडे तेल आणि मेण पुरे. घोड्यावरच्या पट्टीला वेल्क्रो नको, दाबाचे पितळी बटण नको, साधी वादीची फास घालावी. अंगठ्याने मागे सारली की ती सुटते आणि आवाज होत नाही. हंगाम संपला की रिव्हॉल्व्हर होल्स्टरात ठेवू नये. कातडे ओल धरते आणि स्टेनलेस पोलादावरसुद्धा बारीक तांबूस ठिपके उमटतात.

तिसरी_बाजू

दुर्बिणीचा विषय बाजूला राहिला म्हणून लिहितो. सुपर रेडहॉकच्या चौकटीवर दुर्बिणीच्या कड्यांसाठी खाचा कारखान्यातूनच दिलेल्या असतात, त्यामुळे दुर्बीण बसवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. परंतु दुर्बीण बसली की वर सांगितलेले, शिवलेले किंवा घडवलेले कोणतेही होल्स्टर निरुपयोगी होते. दुर्बिणीसह बसणारी जी नायलॉनची, खांद्यावरून तिरपी लटकणारी मोठी झोळीवजा होल्स्टरे अंकल माइक्ससारख्या कंपन्या काढत आल्या आहेत, ती स्वस्त असतात आणि त्या एकाच कामाला ठीक असतात. म्हणून दोन्ही सोयी एकाच होल्स्टरात शोधू नयेत. यंदा उघड्या माशीवर शिकार करणार असाल तर त्यासाठी शिवा आणि दुर्बीण घ्याल तेव्हा ती झोळी घ्या.

मचाणावरून

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी रिव्हॉल्व्हरची आकृती पुठ्ठ्यावर कापली, दोरीने छातीवर बांधली आणि अंगणात टेकवून ठेवलेल्या मचाणाच्या खुर्चीत अर्धा तास बसून पाहिले. उजवा हात मुठीवर आपोआप पडतो. नळीचे टोक डाव्या बरगडीखाली येते, पण पुढे वाकलो की डाव्या मांडीला लागते. म्हणून ते दोन बोटे वर आणि अधिक आडवे घेतले, आता लागत नाही. शेजाऱ्यांनी कुंपणावरून हा प्रकार पाहिला आणि काही न विचारता आत गेले.

मी शिवायचे ठरवले आहे. आठ औंसांचा खांद्याचा तुकडा, आरी, सुया आणि दोरा मिळून हिशोब पंच्याऐंशी डॉलरांपर्यंत येतो. रापी_आणि_आरी, पाठीमागून येणारी वादी एकाच लांब पट्टीची काढावी की खांद्याच्या मागे पितळी कडी घालून दोन तुकड्यांची करावी? माझ्या तुकड्याची लांबी त्रेचाळीस इंच भरते.

रापी_आणि_आरी

कडी घालून दोन तुकड्यांचीच करा. जाकिटावर तुमचा छातीचा घेर त्रेचाळीसच्या पुढे जाईल, शिवाय कडी असली की वादी पाठीवर फिरत नाही. कडी गोल घ्या, डीच्या आकाराची नको, आणि प्रत्येक टोक दीड इंच दुमडून शिवा.