मदत हवी आहे : सोलापुरात राहून, महिन्याला ३,००० रुपयांत कार्ट रेसिंग सुरू करता येईल का?

नमस्कार मंडळी,

थेट विचारतो. मला कार्ट रेसिंगमध्ये उतरायचंय. कार्ट म्हणजे जमिनीलगतची, छप्पर नसलेली, एका माणसाची छोटी रेसगाडी. सुट्टीत मित्रांबरोबर दहा मिनिटं गाडी फिरवून फोटो काढण्यापुरतं नाही. घड्याळावर वेळ मोजणारी, ग्रीडवर ओळीने उभं राहून सुटणारी, नियमातली शर्यत खेळायची आहे. वय २५, आयटीआय फिटर. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रेपियर मागांची देखभाल बघतो. घरखर्च, बहिणीची फी भागवून महिन्याला ३,००० रुपये बाजूला पडतात. कर्ज काढणार नाही, घरी मागणार नाही. म्हणजे वर्षाचे ३६,००० आणि प्रवास धरून सगळं त्यातच.

पहिली अडचण अंतराची. पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या आसपास, कोल्हापूर सव्वादोनशे. कुठेही जायचं म्हटलं तरी सुट्टीचा अख्खा दिवस आणि भाड्याचे पैसे आधी जातात, ट्रॅकचे नंतर.

पुण्यात आणि हैदराबादेत भाड्याच्या कार्ट चालवून झाल्यात. आठ-दहा फेऱ्यांना पाचशे ते आठशे रुपये पडले. एका ठिकाणी शेवटी टायमिंगचा कागद हातात देतात, तो मी जपून ठेवलाय. माझी सगळ्यात चांगली फेरी आणि माझी सरासरी यांत दोन सेकंदांहून जास्त फरक. माझ्याबरोबर उतरलेले एक काका, वय सहज पन्नाशीपुढचं, त्यांच्या सगळ्या फेऱ्या एकमेकींपासून पाव सेकंदाच्या आत. गाड्या एकाच कंपनीच्या, इंजिन तेच. सरळ पट्ट्यावर मी त्यांच्या मागे चिकटायचो आणि वळण संपेपर्यंत ते तीन गाड्या पुढे गेलेले असायचे. ते वळणात काय करत होते, ते मला शिकायचंय.

यंत्र म्हणून तर कार्टने मला वेडच लावलंय. सस्पेन्शन नाही, डिफरन्शियल (वळणात दोन चाकांना कमी-जास्त फिरू देणारी गिअरची जोडणी) नाही. मागची दोन्ही चाकं एकाच एक्सलवर घट्ट बसवलेली, त्यामुळे दोन्ही सारखीच फिरणार. पण वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. मग गाडी वळते कशी? स्टिअरिंग फिरवलं की पुढच्या चाकांच्या कॅस्टर कोनामुळे (चाक ज्या खिळीभोवती वळतं तिचा मागे झुकाव) आतलं पुढचं चाक खाली दाबतं, चौकटीला पीळ बसतो आणि आतलं मागचं चाक जमिनीवरून किंचित उचललं जातं. तेवढ्यापुरती गाडी तीन चाकांवर! म्हणजे चौकटीचा लवचिकपणा हेच तिचं सस्पेन्शन. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या माणसाने गवत कापायच्या यंत्राचं इंजिन पाइपच्या चौकटीवर बसवून पहिली कार्ट केली. इतकी साधी वस्तू आणि इतकं डोकं त्यात. दिवसभर मागांच्या गिअर-बेअरिंगांत हात असतात माझे, पण असं काही बघितलं नव्हतं.

आता माझ्यापुढे तीन मतं आहेत. होटगी रोडवर वर्कशॉप असलेले मित्र म्हणतात, जुनी पल्सर घे, पाइप आण, पंधरा दिवसांत कार्ट उभी करून देतो. दुसरा एक जण म्हणतो, दोन-तीन वर्षं पैसे साठव आणि एकदम वापरलेली टू-स्ट्रोक रेसिंग कार्ट घे. तिसरं मत माझं स्वतःचं : जे आहे ते सगळं भाड्याच्या कार्टवर घालवायचं आणि आधी हात बसवायचा. पण भाड्याची कार्ट चालवून माणूस खरंच रेसर होतो का, की ती नुसती करमणूक?

शिवाय, २५ व्या वर्षी सुरुवात म्हणजे फार उशीर झाला का? हेल्मेट-सूट वगैरेत आधी काय घ्यावं? परवाना कुठून काढतात? ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर सांगा. वेळ लागला तरी चालेल.

रेसलाइन_पुणे

दादा, वयाचं आधी. फॉर्म्युला वनच्या वाटेने जायचं तर हो, उशीर झालाय. मुंबईचा जेहान दारूवाला २०११ मध्ये फोर्स इंडिया या तेव्हाच्या फॉर्म्युला वन संघाच्या 'वन फ्रॉम अ बिलियन' शोधमोहिमेतून निवडला गेला तेव्हा शाळकरी मुलगा होता. पण तुम्ही हौशी रेसिंग विचारताय आणि त्याचं उत्तर त्या पन्नाशीच्या काकांनी तुम्हाला देऊनच टाकलंय.

तुमचं तिसरं मत बरोबर आहे. भाड्याच्या कार्टला बहुतेक ठिकाणी होंडाचं फोर-स्ट्रोक इंजिन असतं, जीएक्स २०० किंवा २७०. दहा अश्वशक्तीच्याही आतलं. त्यामुळे एकदा वेग गमावला की तो परत मिळायला अर्धा पट्टा जातो. याच कारणाने ती शिकायला उत्तम. जास्त ताकदीच्या गाडीत चुकलेलं वळण ॲक्सिलरेटर दाबून झाकता येतं, इथे झाकता येत नाही, कागदावर लगेच दिसतं. मागचं टोक घसरवत वळण घेणं बघायला भारी वाटतं, पण प्रत्येक घसरणीत वेग जातो. ते काका घसरत नव्हते, बघा आठवून.

काकांचं गुपित बहुधा ब्रेकमध्ये असेल. बहुतेक कार्टना ब्रेक फक्त मागे असतो. स्टिअरिंग वळवलेलं असताना जोरात ब्रेक मारला की गाडी गिरकी घेते, आणि त्या भीतीने नवा माणूस वळणभर ब्रेकवर पाय ठेवून रांगतो. ब्रेक सरळ रेषेतच, ठाम आणि थोडा वेळ. मग पाय पूर्ण सोडा, गाडी वळू द्या, आणि चाक सरळ व्हायला लागलं की ॲक्सिलरेटर. डावा पाय ब्रेकला, उजवा ॲक्सिलरेटरला, दोन्ही एकदम कधीच नाही. लांब पट्ट्याच्या आधी जे वळण असतं त्यात आत घुसायची घाई करू नका. आतली कड थोडी उशिरा गाठा, म्हणजे बाहेर पडताना गाडी सरळ असते आणि पुढचा सगळा पट्टा तुमचा.

पैशांचं असं करा. दर महिन्याला जाऊन एक हीट (आठ-दहा फेऱ्यांची एक खेप) मारण्यापेक्षा दोन महिन्यांनी जा आणि एकाच दिवशी चार-पाच हीट करा. भाडं एकदाच जातं आणि सकाळी शिकलेलं दुपारी हाताला लागतं. मधल्या वारी गर्दी कमी असते, दरही पुष्कळदा कमी असतो. फोन करून विचारा, लाजायचं काही कारण नाही. प्रत्येक हीटला एकच काम : पहिलीत फक्त ब्रेकच्या खुणा, दुसरीत फक्त एक वळण. सगळ्यात वेगवान फेरीच्या मागे लागू नका. तुमच्या त्या दोन सेकंदांचा अर्धा सेकंद झाला की लीगमध्ये, म्हणजे ट्रॅकवर होणाऱ्या भाड्याच्या कार्टच्या शर्यतींत, नाव द्या. ट्रॅक सोडी वर्ल्ड सिरीजमध्ये नोंदलेला आहे का तेही विचारा. ती भाड्याच्या कार्टचीच मालिका आहे, स्वतःची गाडी लागत नाही, आणि तुमचे गुण जगभरच्या यादीत चढतात.

वापरलेल्या टू-स्ट्रोकचा विचार सध्या बाजूला ठेवा. आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धा वर्षानुवर्षं रोटॅक्स मॅक्स इंजिनवर झाल्या आहेत, बेंगळुरूचं मेको कार्टोपिया त्यातलं मोठं ठिकाण. सिनियर मॅक्सचं इंजिन १२५ सीसी, पाण्याने थंड होणारं, तीसेक अश्वशक्तीचं. ते सीलबंद येतं, आपल्या हाताने उघडता येत नाही, अधिकृत केंद्रातच उघडायचं. शिवाय टायर मऊ, ते भराभर संपतात. कार्टची किंमत एकदाच द्यावी लागते, पण टायर, तेल, इंजिनचं काम, वाहतूक हे दर शर्यतीला. पूर्ण मोसम काही लाखांत जातो.

फॅब्रिकेटर_होटगी_रोड

गाववाले, आम्हीही वर्कशॉपवालेच. कॉलेजच्या पोरांना स्पर्धेसाठी गो-कार्ट करून दिल्यात, म्हणून सांगतो. बनवायची हौस असेल तर जरूर बनवा, पण रेसिंग शिकायला ती उपयोगाची नाही. तुम्हीच लिहिलंय की चौकट पिळली पाहिजे. आपल्या बाजारात जो पाइप मिळतो त्यावर आपण भीतीपोटी चार आडव्या पट्ट्या जास्त मारतो. चौकट दगडासारखी होते, आतलं चाक उचलत नाही आणि गाडी वळायच्या ऐवजी सरळ ढकलत जाते. रेसिंगच्या चौकटीला साधारण ३० मिलिमीटर व्यासाचा क्रोम-मॉली (मिश्र पोलादाचा) पाइप असतो आणि कुठे पट्टी नको हे त्यांना माहीत असतं.

आणि चालवणार कुठे? रस्त्यावर काढली तर बेकायदा, नोंदणीच होत नाही. मोकळ्या प्लॉटवर कडेला टायरची भिंत नाही, झेंडा दाखवणारा माणूस नाही. चेनवर गार्ड नसलेल्या गाड्या मी बघितल्यात. नको.

लेकीची_पिट_क्रू

माझी मुलगी ११ वर्षांची आहे, कार्टिंग करते. सुरक्षेचं मी सांगते, कारण उत्साहात तेच मागे पडतं.

सगळ्यात आधी बरगड्यांचं संरक्षक जॅकेट घ्या, सूट नंतर. कार्टला सीटबेल्ट नसतो, तो मुद्दामच नसतो, कारण वर छप्पर किंवा पिंजरा नाही. उलटली तर माणूस गाडीखाली अडकू नये. त्यामुळे वळणात सगळं शरीर फायबरच्या सीटच्या कडेवर रेलतं. पहिल्या दिवसानंतर हिला डाव्या बरगडीखाली हाताएवढा काळानिळा डाग उठला होता, आठवडाभर शिंकताना रडायची. बरगडीला चीर गेली तर सहा आठवडे घरी बसायचं, आणि कारखान्याची मजुरी बुडेल ती वेगळी.

हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं, आयएसआयचं, डोक्याला घट्ट बसणारं. भाड्याच्या कार्टला तेवढं पुरतं, तरी तिथल्या लोकांना विचारून घ्या. परवान्याच्या स्पर्धेत स्नेल किंवा एफआयए या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या प्रमाणाचं लागतं, ते महाग असतं, वेळ आली की घ्या. कार्टचा सूट घासण्यापासून वाचवणारा असतो, मोटार रेसिंगचा आगीपासून. जुना मोटारीचा सूट कोणी स्वस्तात देऊ केला तर घेऊ नका. घोटा झाकणारे बूट, हातमोजे. मफलर, लोंबती दोरी, मोकळे केस काहीही नको, मागचा एक्सल उघडा फिरत असतो.

परवाना एफएमएससीआय देते, म्हणजे भारतातल्या मोटरस्पोर्ट क्लबांची महासंघटना, कार्यालय चेन्नईला. दरवर्षी काढावा लागतो, वैद्यकीय तपासणीचा दाखला लागतो. भाड्याच्या कार्टच्या साध्या लीगला बहुतेक ठिकाणी त्याची गरज पडत नाही. तुमची विमा पॉलिसी मात्र आजच काढून वाचा. बऱ्याच पॉलिसींत शर्यतीतला अपघात वगळलेला असतो.

पंचगंगा_काठ

सोलापूरकर, कोल्हापूर तुमच्या यादीत आहे पण त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही! इथे मोहितेंची रेसिंग अकादमी आहे, कार्टिंगचा ट्रॅक आहे. ध्रुव मोहिते इथलाच, आणि ब्रिटिश फॉर्म्युला ३ पर्यंत गेलेला कृष्णराज महाडिकही कोल्हापूरचाच. सोलापुरातून मंगळवेढा-सांगोला-मिरज मार्गे एसटी आहे.

मी तुम्हाला वेगळंच सुचवतो. तुम्ही फिटर आहात. राष्ट्रीय स्पर्धेत खेळणाऱ्या टीमला शर्यतीच्या दिवसांत हाताशी माणूस लागतो : टायरची हवा मोजायची, चेनचा ताण बघायचा, एक्सलचे बोल्ट तपासायचे, वजनकाट्यावर गाडी न्यायची. कार्ट आणि चालक मिळून किमान वजन ठरलेलं असतं, कमी भरलं तर सीटला शिसं बसवतात, तेही काम असतं. अकादमीत जा, कामाचं सांगा, एखाद्या शनिवार-रविवारी विनामोबदला मदत करतो म्हणा. टायरच्या हवेत थोडा फरक केला की गाडी कशी बदलते, चालक येऊन काय सांगतो आणि मेकॅनिक त्यावर काय करतो, हे भाड्याच्या कार्टवर कधीच कळणार नाही. ओळख झाली की सरावाच्या दिवशी दोन फेऱ्या मारायला मिळतात, असं घडलेलं मी पाहिलंय. नाही मिळाल्या तरी तुम्ही खऱ्या पॅडॉकमध्ये, म्हणजे टीमच्या गाड्या तयार होतात त्या आवारात, उभे असाल.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, पॉलिसी काढून वाचली. तुम्ही म्हणता तसंच कलम आहे, शर्यती वगळल्यात. वैयक्तिक अपघात विम्यात हे वाढवून मिळतं का, ते एजंटला विचारतोय. पुणेकर दादा, ब्रेकचं वाचून तो कागद परत काढला. ज्या फेऱ्यांत गिरकी खाल्ली नव्हती, त्याही हळूच होत्या, म्हणजे तुम्ही सांगता तेच, वळणभर ब्रेकवर पाय.

ठरवलं ते असं. पहिले दोन महिने ट्रॅकवर जायचं नाही, त्या पैशांत बरगड्यांचं जॅकेट आणि हेल्मेट. मग दर दोन महिन्यांनी एक दिवस, चार हीट. कोल्हापूरला उद्याच फोन करतो. घरी कार्ट बनवायचं सोडून दिलं. मित्र थोडे नाराज आहेत, पण फॅब्रिकेटर भाऊंचा प्रतिसाद त्यांना वाचायला दिला.

एक शेवटचं : जॅकेटचं माप छातीवरून घ्यायचं की कमरेवरून? माझी छाती ३६ आहे, पण अंगाने बारीक आहे.

लेकीची_पिट_क्रू

छातीवरून. पण नुसत्या मापावर मागवू नका, शक्य झालं तर घालून बघा आणि खुर्चीत खाली रेलून बसा. उभं राहून छान बसलेलं जॅकेट बसल्यावर वर सरकून गळ्याशी येतं. खालची कड शेवटच्या बरगडीच्या खाली दोन बोटं राहिली पाहिजे. आणि सीट फार सैल वाटली तर ट्रॅकवाल्यांकडे फोमचा तुकडा मागा, देतात.