अनुक्रमणिका, सूची की ‘या अंकात’?

विद्यार्थिनी (पत्रकारिता, सोलापूर) : प्रकल्पासाठी ‘एनएमई’, ‘क्यू’ आणि ‘केरँग’ या तीन ब्रिटिश संगीत-नियतकालिकांच्या जुन्या अंकांतलं कोणता मजकूर कुठल्या पानावर ते सांगणारं पान घेऊन मांडणीची तुलना करतेय. लिहायचं मराठीत आहे. तिन्हींना मी ‘अनुक्रमणिका’ म्हटलं, तर मार्गदर्शक मॅडमनी त्या शब्दाला पेन्सिलीनं गोल करून ‘विचार कर’ एवढंच लिहिलं. ‘सूची’ लिहू का? आणि कॉलमला स्तंभ म्हणायचं की रकाना?

निवृत्त मराठी शिक्षिका : अगं, आधी पान नीट बघ, मग शब्द निवड. अनुक्रम म्हणजे एकामागून एक. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत ओळीनं सांगितलं की ती अनुक्रमणिका. शब्द फार जुना आहे. कात्यायनाची ऋग्वेदाची ‘सर्वानुक्रमणी’ घे : सूक्तं ज्या क्रमानं आहेत त्याच क्रमानं ऋषी, देवता, छंद दिलेले. सूचीत तो क्रम मोडतो. नावं अकारविल्हे लावायची आणि पुढे पान क्रमांक द्यायचा, मग पान ४ नंतर ६१ आणि परत १७ आलं तरी बिघडत नाही. आता तुझ्याकडच्या पानांवर आकडे कसे पडलेत ते सांग.

विद्यार्थिनी : ‘एनएमई’च्या अंकात कडेच्या अरुंद पट्टीत बँडची नावं अकारविल्हे आहेत, पुढे आकडा. बाकीच्या पानावर बातम्या, परीक्षणं वगैरे गट. ‘क्यू’मध्ये वर डाव्या कोपऱ्यात लाल चौकोनात पांढरा क्यू, खाली दोन गट : त्या महिन्याचे खास लेख वेगळे, दर महिन्याला येणारं वेगळं. ‘केरँग’ काळ्या-पिवळ्या रंगांत, फोटोंची नुसती गर्दी.

शिक्षिका : मग तुझं उत्तर तूच दिलंस. ती पट्टी म्हणजे सूची. पण त्यावरून अख्ख्या पानाला सूची म्हणू नकोस.

छापखानावाले काका (साखर पेठ) : बाईंचं बरोबर आहे, पण छापखान्यात एवढा कीस कुणी पाडत नाही. दिवाळी अंकाचं काम आलं की संपादक ‘अनुक्रमाचं पान शेवटी देतो’ म्हणतात, कारण जाहिराती ठरेपर्यंत पान क्रमांक पक्के होत नाहीत. आणि दिवाळी अंकातसुद्धा कथा एकीकडं, कविता एकीकडं असं गटवार असतंच की! तरी वर ‘अनुक्रमणिका’च छापतात. हल्ली कुणी ‘अंतरंग’ टाकतं, कुणी ‘या अंकात’. मला ‘अंतरंग’ जरा नटवं वाटतं.
कॉलमचं मात्र पक्कं सांगतो. पानावर उभा पाडतो तो रकाना. स्तंभ हा लेखकाचा, म्हणून स्तंभलेखक. ‘पान तीन स्तंभांत लावा’ असं मी आजवर ऐकलेलं नाही.

विद्यार्थिनी : काका, मग दर महिन्याच्या मजकुराला स्तंभच म्हणू?

काका : सदर म्हणा. पत्रव्यवहार, परीक्षणं, कोडं, सगळं सदरात बसतं. स्तंभ म्हटलं की एकाच माणसाचं लिखाण वाटतं.

शिक्षिका : सदर चांगलं, फक्त ‘सदर अंकातील सदरे’ असलं काही लिहू नकोस. तो कचेरीतला ‘सदर’ निराळा, सदरहू मधला. मीही ‘अंतरंग’च्या विरोधात आहे, त्यातून ना क्रम कळतो ना गट.

संगीत शिकणारा एक वाचक : भातखंड्यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’त क्रम शिकण्याचा आहे, रागांच्या नावांचा नाही. त्यामुळे एखादा राग शोधायचा तर नावांची यादी वेगळी लागते. ‘एनएमई’च्या वाचकाला आपला बँड हवा असतो, म्हणून ती पट्टी. ‘क्यू’चा वाचक अंक चाळत बसणारा असावा. तुलनेत हे लिहिता येईल.

शिक्षिका : हे आवडलं. तर पोरी, पानाला सर्वसाधारण नाव ‘अनुक्रमणिका’च ठेव, रूढ आहे. पण पहिल्यांदा वापरताना एक ओळ टाक : ‘येथे अनुक्रमणिका हा शब्द रूढ अर्थाने घेतला आहे, प्रत्यक्ष मांडणी “एनएमई”त गटवार असून सोबत नामसूची आहे, “क्यू”त विशेष लेख आणि सदरे अशी आहे.’ ‘केरँग’चे आकडे कसे लावलेत ते तू अजून सांगितलंच नाहीस. फोटोंवरच छापलेत का?

विद्यार्थिनी : हो मॅडम, बरेचसे फोटोंवरच. मोठ्या फोटोवर मोठा आकडा.

काका : मग तिथं क्रम डोळ्यानं लागतो. तेवढं लिहा, त्याला वेगळा शब्द शोधत बसू नका.