भाऊ आधीच थायलंडला आहे, आता तिथूनच थोड्या दिवसांचा हेल्थ इन्शुरन्स आणि स्कूटर अपघाताचं कव्हर मिळेल का?

देवबागची_मुलगी
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय कारण दिवस कमी उरलेत. माझा धाकटा भाऊ तारकर्लीला स्कूबाच्या बोटीवर काम करतो, चार सीझन झाले, आता डाइव्हमास्टरचा, म्हणजे स्कूबातला प्रोफेशनल पातळीचा, कोर्स करायला थायलंडला को ताओ बेटावर गेलाय. जाताना तीस दिवसांची ट्रॅव्हल पॉलिसी मीच ऑनलाइन काढून दिली होती. पण तिकडे मध्ये आठवडाभर वारा लागला, बोटी सुटल्या नाहीत, कोर्स लांबला आणि आता म्हणतो अजून तीन आठवडे तरी लागतील. व्हिसाचं काही टेन्शन नाही, पण पॉलिसी रविवारी संपते.

आणि खरी काळजी वेगळीच आहे. काल त्याने फोटो पाठवला, भाड्याच्या स्कूटरवर बसलेला, मागे माड, अगदी आपल्या देवबागसारखंच. मी फोटो मोठा करून बघितला तर हेल्मेट आरशाला लटकवलेलं आणि पायात स्लिपर. विचारलं तर म्हणे इथे सगळे असेच फिरतात, रूमपासून डाइव्ह शॉप दोन किलोमीटर तर आहे. लायसन आहे त्याच्याकडे, आपलं एमएच ०७ चं, गिअरच्या गाडीचं. पण परदेशात गाडी चालवायचं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढलेलं नाही, आम्हाला कुणी सांगितलंच नाही ते लागतं म्हणून. आई रोज विचारते आणि मला तिला धड काही सांगता येत नाही. नवीन पॉलिसी इथून काढता येईल का, का तिकडूनच काढायची, आणि त्यात स्कूटरवरून पडला तर पैसे मिळतात का? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.

गुहागरचा_भटक्या
ताई, आपल्याकडच्या बहुतेक कंपन्यांची अट असते की प्रवास भारतातून सुरू व्हायला हवा आणि पॉलिसी निघायच्या आधी घेतलेली हवी. माणूस बाहेर आहे हे न सांगता इथून नवीन काढलीत तर क्लेमच्या वेळी पासपोर्टवरचा शिक्का बघतात आणि सगळं तिथेच संपतं, त्यामुळे तो रस्ता धरू नका.

बाहेर असताना घेता येईल असा विमा म्हणजे सेफ्टीविंगसारख्या कंपन्यांचा, लॅपटॉप घेऊन देशोदेशी फिरत काम करणारे लोक वापरतात तो. चार चार आठवड्यांनी पैसे कापतात, हवं तेव्हा बंद करता येतं, मी स्वतः बाहेर असताना असाच घेतलेला. दुचाकीचा अपघात त्यात येतो, पण त्या गाडीचं तिथे चालणारं लायसन हवं, हेल्मेट डोक्यात हवं आणि प्यायलेला नको. जुनं दुखणं धरत नाहीत आणि झालेल्या अपघातासाठी मागाहून विमा अर्थातच मिळत नाही. काही कंपन्यांमध्ये घेतल्यावर पहिले काही दिवस कव्हर चालूच होत नाही, ते तेवढं बघून घ्या.

आता लायसनचं. माझा मावसभाऊ तिकडेच दुसऱ्या एका बेटावर पावसात उतारावर घसरला, कॉलरबोन मोडलं. विमा होता, भारतातलाच, चांगल्या रकमेचा. हॉस्पिटलने ऑपरेशनआधी डिपॉझिट मागितलं, आम्ही निवांत होतो की कंपनी देईल. कंपनीने पहिला कागद मागितला तो परमिटचा. नव्हता. क्लेम नाकारला, आणि पॉलिसीची पीडीएफ उघडून बघितली तर सव्विसाव्या पानावर स्वच्छ लिहिलेलं होतं, वाचलं आमच्यापैकी कुणीच नव्हतं. मावशीने बांगड्या ठेवून पैसे पाठवले. म्हणून हात जोडून सांगतो, परमिट नसेल तर त्याने ती स्कूटर आजच परत करावी.

रत्नांग्री_दुबई
मी आखातात होतो तेव्हा आमची प्रवासी भारतीय बीमा योजना असायची, दोन वर्षांचे २७५ रुपये आणि तीन वर्षांचे ३७५, कव्हर दहा लाखांचं. ती बघा ना, एकदम स्वस्त आहे.

विमा_कुडाळ
@रत्नांग्री_दुबई दादा, ती योजना ईसीआर पासपोर्टवर (ठराविक देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागते तो पासपोर्ट) नोकरीसाठी जाणाऱ्या कामगारांची. कोर्सला किंवा फिरायला गेलेल्याला ती मिळत नाही.

ताई, मी एजंट आहे, वीस वर्षं हेच करतोय. नवीन पॉलिसी शोधण्याआधी जुनी वाढवून घ्या, हे आधी करा. एक्स्टेंशनचा अर्ज पॉलिसी चालू असतानाच द्यावा लागतो, संपल्यावर एक दिवस जरी गेला तरी ऐकत नाहीत. तब्येत ठीक आहे आणि आतापर्यंत क्लेम केलेला नाही असं लिहून मागतात. सिंगल ट्रिप पॉलिसी बहुधा १८० दिवसांपर्यंत नेता येते, तुम्हाला तर एकवीसच दिवस हवेत. मेल करा आणि फोनही करा, रविवारवर ठेवू नका, शनिवारी दुपारनंतर कुणी उचलेल याचा भरवसा नाही.

त्याच्या इथल्या बाईकचा विमा तिकडे चालत नाही. आपली मोटार पॉलिसी भारतापुरती, जादा प्रीमियम भरून फार तर नेपाळ, भूतान, श्रीलंका अशा शेजारच्या देशांत वाढते, थायलंड त्यात नाही. तिकडच्या भाड्याच्या स्कूटरवर त्यांचा सक्तीचा विमा असतो, १९९२ च्या कायद्याचा, स्थानिक लोक पो-रो-बो म्हणतात. चूक कुणाचीही असो, उपचाराला आधी ३०,००० बाट मिळतात, समोरच्याची चूक ठरली तर ८०,००० पर्यंत. हाड मोडून ऑपरेशन झालं तर ते कुठच्या कुठे संपतात. आणि दुकानदार फुल इन्शुरन्स म्हणतो तेव्हा बऱ्याचदा त्याच्या मनात गाडी असते, चालवणारा नसतो.

पर्सनल अॅक्सिडेंट पॉलिसी हा अजून एक प्रकार, बऱ्याच कंपन्यांची जगभर चालते. पण ती मृत्यू किंवा अपंगत्वासाठी, हॉस्पिटलचं बिल त्यात मुळात येत नाही, त्यामुळे आत्ता त्यामागे लागू नका.

परमिटचं म्हणाल तर भारतात असताना आरटीओकडून एक हजार रुपयांत, एक वर्षासाठी मिळतं. बाहेर असताना ज्याचं संपलंय त्याला वकिलातीमार्फत नूतनीकरण करता येतं, २०२१ च्या जानेवारीत तसा नियम आला. पण ज्याने मुळात काढलेलंच नाही त्याचं कठीण आहे. आणि तो पुढे व्हिएतनामला जाणार असेल तर आपलं परमिट तिथे चालतच नाही, आपलं १९४९ च्या आंतरराष्ट्रीय रस्ते वाहतूक करारातलं आणि ते १९६८ च्या करारातलं मागतात.

आबा_धुरीवाडा
बाय माझे, भावाक सांग, पयलां डोक्यार हेल्मेट घाल, मगे बाकीचा. आणि स्कूटरवाल्याकडे पासपोर्ट ठेवलाय का विचार. ठेवला असेल तर रोख डिपॉझिट देऊन आधी सोडवून घ्यायला सांग, गाडीला ओरखडा निघाला की तो पासपोर्ट अडवून बसतात.

सिस्टर_सावंतवाडी
नर्स आहे, डाइव्हरचं म्हणून लिहिते. मोठा अपघात जाऊ दे, छोटाच धर. सायलेन्सरला पोटरी लागून भाजणं तिकडे इतकं नेहमीचं आहे की टुरिस्ट त्याला थाई टॅटू म्हणतात. ओली जखम घेऊन रोज समुद्रात उतरलं की ती चिघळते, मग कोर्सही बंद. आणि को ताओला मोठं हॉस्पिटल नाही, गंभीर पेशंटला बोटीने को सामुई बेटावर नेतात, म्हणून पॉलिसीत हलवण्याचा खर्च आहे का ते नक्की बघ. डाइव्हिंगच्या अपघाताचंही वेगळं विचार, कोर्स प्रोफेशनल असेल तर काही पॉलिस्या ते धरत नाहीत, डाइव्हरचा विमा डॅनकडे (डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क, डाइव्हरांची संस्था) वेगळा मिळतो. काही झालंच तर पोलीस रिपोर्ट, डॉक्टरचं सर्टिफिकेट, बिलं आणि पैसे भरल्याच्या ओरिजिनल पावत्या, यातलं काही टाकू नकोस म्हणावं.

देवबागची_मुलगी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल सकाळी दहाला कंपनीला फोन लावला, तीनदा कट झाला, चौथ्यांदा एका बाईंनी नीट ऐकून घेतलं. भावाकडून तब्येतीचं लिहून घेतलं, त्याने सही करून फोटो पाठवला, संध्याकाळी एकवीस दिवस वाढल्याचा मेल आला. मग रात्री आईला शेजारी बसवून पीडीएफ पूर्ण वाचली. दुचाकीचं एकतिसाव्या पानावर आहे, वैध लायसन नसेल तर क्लेम नाही. को सामुईला हलवण्याचा खर्च धरलाय.

तेच पान त्याला पाठवलं आणि मावशीच्या बांगड्यांचंही सांगितलं. आधी चिडला, मग तासाभराने स्कूटर परत केल्याची पावती पाठवली. पासपोर्ट तिथेच ठेवलेला होता आबा, आता त्याच्याकडे आहे. डाइव्ह शॉपची पिकअप सकाळी साडेसहाला त्याच्या रूमच्या खालून जाते म्हणे, इतके दिवस झोपेसाठी सोडत होता.

@सिस्टर_सावंतवाडी, पॉलिसीत रिक्रिएशनल, म्हणजे हौसेचं, डाइव्हिंग लिहिलंय. डाइव्हमास्टर त्यात येत नाही असं त्या बाई म्हणाल्या, पण मेलवर उत्तर अजून यायचंय. डॅनचं त्याने तिकडून स्वतः घ्यायचं का शॉपमधून होतं?