अनुदानित घरातील भाडेकरूने दिवाळखोरीचा अर्ज केल्यास घर जाते का?

रानजाई:
माझी मावशी न्यूयॉर्कमध्ये क्वीन्स भागात पब्लिक हाउसिंगच्या (सरकारी मालकीच्या अनुदानित घरांच्या) इमारतीत राहते आणि तिचे भाडे उत्पन्नाच्या सुमारे ३० टक्के ठरलेले आहे. काकांच्या आजारपणातील रुग्णालयाची बिले आणि क्रेडिट कार्डांची देणी ते गेल्यानंतर तिच्यावर आली, आणि ती फेडण्याच्या धडपडीत काही महिन्यांचे भाडेही थकले. थकबाकीची नोटीस आली आहे, पण प्रकरण अद्याप न्यायालयात गेलेले नाही. एका परिचितांनी अमेरिकी दिवाळखोरी कायद्याच्या चॅप्टर ७ खाली, म्हणजे बहुतेक देणी माफ करून घेण्यासाठी, दिवाळखोरीचा अर्ज करण्याचा सल्ला दिला, तर शेजारणीने तिला सांगितले की तसे केल्यास सरकारी घर हमखास जाते. या भीतीने मावशीची झोप उडाली आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पैलतीर:
मी न्यूयॉर्कमध्ये विधी साहाय्य संस्थेत काम करते, त्यामुळे शेजारणींची ही समजूत मला वारंवार ऐकू येते. ती चुकीची आहे. दिवाळखोरी कायद्याचे कलम ५२५ सांगते की केवळ अर्ज केला म्हणून, किंवा त्या प्रक्रियेत माफ होऊ शकणारे देणे फेडले नाही एवढ्याच कारणाने, सरकारी यंत्रणेने कोणाचा परवाना किंवा त्यासारखी सवलत काढून घेऊ नये. व्हरमाँटमधील ब्रॅटलबरो येथील गृहनिर्माण प्राधिकरणाच्या खटल्यात २००२ साली सेकंड सर्किट अपील न्यायालयाने पब्लिक हाउसिंगचा भाडेकरार हीसुद्धा अशीच सवलत असल्याचे मानले आणि अर्जापूर्वीचे भाडे थकले एवढ्यावरून भाडेकरूला बाहेर काढण्यास मनाई केली. न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि व्हरमाँट ही राज्ये त्याच न्यायालयाच्या कक्षेत येत असल्याने आपल्या मावशींना या निकालाचा थेट आधार आहे.

मात्र हे संरक्षण अर्जाच्या तारखेपूर्वीच्या भाड्यापुरतेच आहे. अर्ज दाखल झाल्यानंतरचे प्रत्येक महिन्याचे भाडे वेळेवर भरावेच लागते, आणि ते थकले तर कलम ५२५ मदतीला येत नाही. माझ्या पाहण्यात घरे जातात ती बहुधा याच ठिकाणी.

दुसरा प्रश्न वेळेचा. अर्ज होताच वसुली आणि घर खाली करवण्याची कारवाई आपोआप स्थगित होते. परंतु २००५ च्या दुरुस्तीनंतर, अर्जाआधीच घराच्या ताब्याचा निकाल लागलेला असेल तर ही स्थगिती सहसा मिळत नाही. तेव्हा राज्याचा कायदा थकबाकी भरून घर वाचवू देतो असे अर्जासोबत शपथेवर लिहून द्यावे लागते, पुढील ३० दिवसांत देय होणारे भाडे न्यायालयात जमा करावे लागते आणि त्याच ३० दिवसांत सर्व थकबाकी चुकती करावी लागते. मावशींचे प्रकरण अजून त्या टप्प्यावर पोहोचलेले नाही, म्हणून वकिलांची भेट आताच घ्यावी.

चांदणवेल:
वरील उत्तर अचूक आहे, पण ते पब्लिक हाउसिंगबद्दल आहे, हे इतर वाचकांनी लक्षात ठेवावे. सेक्शन ८ चे व्हाउचर (खाजगी घराच्या भाड्यासाठी मिळणारे सरकारी साहाय्य) असेल तर व्हाउचर देणारे प्राधिकरण सरकारी असते आणि घरमालक बहुधा खाजगी असतो. कलम ५२५ मधील ही मनाई सरकारी यंत्रणेवर असल्याने खाजगी मालकाशी असलेल्या करारासाठी तिचा भरवसा धरता येत नाही.

माझा प्रश्न मात्र वेगळा आहे: मावशींना दिवाळखोरीची खरोखर गरज आहे का? त्यांचे उत्पन्न केवळ सोशल सिक्युरिटीचे (सरकारी निवृत्तिवेतनासारख्या लाभाचे) असेल, तर कार्ड कंपन्या आणि रुग्णालये ते सहसा जप्त करू शकत नाहीत, आणि ती रक्कम बँकेत थेट जमा होत असेल तर दोन महिन्यांच्या लाभाइतकी रक्कम बँकेला स्वतःहून सुरक्षित ठेवावी लागते. काकांच्या नावावरची सगळी देणी मावशींचीच ठरतात असेही नाही. त्यांनी कशाकशावर सही केली आहे, ते आधी तपासावे. शिवाय काका गेल्यानंतर घरातील उत्पन्न घटले असल्यास भाड्याची फेरआकारणी लेखी मागावी. न्यूयॉर्क शहरात थकलेल्या भाड्यासाठी एकरकमी आपत्कालीन साहाय्यही मिळते, ज्याला तेथे वन-शॉट डील म्हणतात. चॅप्टर ७ ची कर्जमाफी एकदा घेतली की ८ वर्षे पुन्हा मिळत नाही, म्हणून हा उपाय राखून ठेवणे वृद्ध व्यक्तीच्या दृष्टीने मला अधिक शहाणपणाचे वाटते.

रानजाई:
दोघींचे मनापासून आभार. एक गोष्ट सांगायची राहिली. मावसभाऊ मधले काही महिने तिच्याकडे राहत होता आणि नोकरीही करत होता, पण त्याची नोंद गृहनिर्माण प्राधिकरणाच्या कार्यालयाकडे केलेली नव्हती. त्याचा काही परिणाम होईल का?

पैलतीर:
होऊ शकतो, आणि ही बाब वकिलांना पहिल्याच भेटीत सांगावी. घरातील उत्पन्न लपवले असे प्राधिकरणाने ठरवल्यास ते कमी भरलेल्या भाड्याची रक्कम मागते, आणि खोटी माहिती देऊन सवलत घेतल्याचे न्यायालयात सिद्ध झाल्यास ते देणे दिवाळखोरीत माफ होत नाही. त्याहून गंभीर म्हणजे, अशा वेळी करार रद्द करण्याचे कारण न फेडलेले देणे नसून चुकीची माहिती हे असते, म्हणून कलम ५२५ ची ढाल तेथे अपुरी पडते. अर्जात ही बाब गाळण्याचा विचारही करू नये, कारण तो अर्ज शपथेवर असतो. मावसभाऊ कधी आले, कधी गेले आणि त्यांचा पगार किती होता याची कागदपत्रे जमवावीत, आणि वकिलांशी बोलण्यापूर्वी कार्यालयाला कोणतेही लेखी निवेदन देऊ नये. कमी उत्पन्नाच्या भाडेकरूंना न्यूयॉर्कच्या गृहन्यायालयात मोफत वकील देण्याची तरतूद २०१७ पासून आहे, परंतु दिवाळखोरीचे काम स्वतंत्र असल्याने त्यासाठी विधी साहाय्य संस्थेकडे वेगळी वेळ मागावी लागेल.