चपलांचे फोटो : एकेक बरा दिसतो, पण प्रोफाइल म्हणजे आठवडी बाजार

वेणी_गोंडा

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात भवानी मंडपाजवळ चप्पल लाईनीत सासऱ्यांचं दुकान आहे. इन्स्टाग्रामचं सगळं मी बघतो. फोटो काढतो, टाकतो, गिऱ्हाइकांच्या मेसेजना उत्तरं देतो. दोन वर्षांत सव्वातीनशे फोटो झाले. एकेक उघडून बघितला तर बरा आहे. सगळे एकत्र बघितले की डोकं दुखतं.

तीच कापशी (कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार), तोच कारागीर, पण पाच फोटोंत पाच रंग. काउंटरवर ट्यूबखाली काढली ती हिरवट. गच्चीवर काढली ती पिवळीधमक. रंकाळ्याच्या कठड्यावर संध्याकाळी काढली ती तांबडी. घरात बल्बखाली काढली तिला हळद लागलीय. शटरपाशी सावलीत काढली ती निळसर, तापातून उठल्यासारखी. शिवाय मधूनच मिसळ, जोतिबाच्या यात्रेतला गुलाल, पुतणीचा केक.

दिवाळीत २९९ रुपयांना तयार प्रीसेटचा, म्हणजे एका टिचकीत फोटोचे रंग बदलणाऱ्या सेटिंगचा, गठ्ठा घेतला. चार दिवस प्रोफाइल अशी देखणी दिसली म्हणता! सावल्या निळ्या-हिरव्या, चामडं विटकरी. मग नागपूरच्या एका बाईंनी जोड परत पाठवला. 'फोटोत विटकरी होती, हातात बदामी आली.' त्यांचं काही चुकलं नव्हतं. येण्याजाण्याचं कुरिअर आमच्या अंगावर पडलं आणि सासरे दोन दिवस माझ्याशी फक्त 'हूं' एवढंच बोलले.

तर प्रश्न असा : प्रोफाइल एका हातची दिसावी, पण चामड्याचा रंग खोटा पडू नये, हे एकदम जमतं का? फोन साधा अँड्रॉइड. खर्चाला पैसे नाहीत, ते दिवाळीत संपले.

रस्सा_वाटी

भावा, सगळे ब्लॅक अँड व्हाइट कर. विषय संपला.

वेणी_गोंडा

लोक रंग बघायलाच येतात हो. आणि भावा नव्हे, वहिनी म्हणा. कोल्हापूरच्या बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात हे विसरला काय?

रस्सा_वाटी

चुकलं वहिनी. पेठेत जन्म गेला तरी फसलो.

उत्तरेची_खिडकी

वहिनी, शाहूपुरीत वीस वर्षं स्टुडिओ चालवला. आता लग्नं मुलगा काढतो, मी दागिने आणि भांडी काढतो. तुमच्या प्रश्नात फिल्टरचा भाग दोन आणे, उजेडाचा चौदा आणे.

फोन प्रत्येक फोटोला स्वतःच ठरवतो की उजेड पिवळा आहे की निळा, आणि त्यावर उतारा म्हणून उलटा रंग मिसळतो. समोर पांढरं काही असेल तर त्याचा अंदाज बरा येतो. तुमच्या चौकटीत मात्र सगळं चामडंच. त्याला वाटतं उजेडच तांबूस आहे, मग तो निळं ओततो. पुढच्या फोटोत मागे हिरवी पिशवी आली की अंदाज पुन्हा बदलतो. त्यात ट्यूब, बल्ब आणि दारातला उजेड तिन्ही एकदम पडत असतील तर देवसुद्धा रंग सांगू शकणार नाही.

म्हणून आधी एकच उजेड धरा. दुकानाच्या दारात ऊन थेट येत नाही अशी वेळ बघा. आतली ट्यूब बंद, बल्ब बंद. कॅमेऱ्यात प्रो मोड असेल, तिथे व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे उजेडाच्या रंगाचा, आकडा हाताने लावता येतो. चपलेशेजारी पांढरा कागद ठेवा आणि कागद पांढरा दिसेपर्यंत आकडा वरखाली करा. सावलीच्या उजेडात तो ६५०० ते ८००० केल्विनच्या आसपास पडेल. घरातला पिवळा बल्ब २७०० चा असतो, म्हणजे तुमची हळद कुठून आली ते कळलं. आकडा एकदा ठरला की त्या बैठकीतले सगळे फोटो त्यावरच. दुसऱ्या दिवशी ढग आले तर पुन्हा कागद.

मग एकच जमीन. काळा दगड घ्या. बदामी चामडं काळ्यावर जसं उठतं तसं कशावरच उठत नाही, आणि दगडाला स्वतःचा रंग नसल्यामुळे तो चामड्यावर सांडत नाही. तुमची लाल गच्ची सांडते. घरात जुना पाटा असेल तर तोच वापरा.

वेणी_गोंडा

पाट्यावर चप्पल ठेवली तर सासूबाई मलाच त्याच्यावर वाटतील!

उत्तरेची_खिडकी

हे लक्षातच आलं नाही, माफ करा. मग कुणाच्या ओट्याचं काम चालू असेल तिथून कडप्प्याचा उरलेला तुकडा आणा. गुळगुळीत बाजू नको, तिच्यात आभाळ दिसतं. उलटी, खरबरीत बाजू वर.

काळ्यावर काढताना एक खोड सांभाळा. फोनला अंधार आवडत नाही. काळं बघितलं की तो सगळंच उजळवतो, दगड राखाडी होतो आणि चामडं धुतल्यासारखं फिकं पडतं. फोटो काढण्याआधीच उजेड थोडा खाली ओढा. वेणीचे पीळ वेगवेगळे दिसायला लागले की थांबायचं.

आणि जवळ जाऊन वाइड लेन्सने काढू नका, अंगठ्याकडचा भाग फुगून होडी होते. चार पावलं मागे या, दुप्पट झूम. कोनही मोजून तीन ठेवा : डोक्यावरून सरळ, समोरून तिरका, आणि एक अगदी जवळचा. उभं राहायच्या जागेवर फरशीला चिकटपट्टीची फुली मारा. माझ्या स्टुडिओत अजून आहे.

तेलपाणी

सुभाषनगरचा आहे, घरात तीन पिढ्या हेच काम. फोटोतलं मला कळत नाही, चामड्यातलं सांगतो. हे चामडं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं. रंग दिला नसेल तर ते ऊन आणि तेल पिऊन गडद होत जातं. दिवाळीला बदामी असलेला जोड काचेच्या कपाटात उन्हाकडेला राहिला तर उन्हाळ्यापर्यंत एक छटा चढतो. म्हणजे वहिनींच्या पाच रंगांतले एखाद-दुसरे खरेही असतील! जुना फोटो वापरून नवा जोड पाठवू नका. आणि फोटोखाली लिहाच की वापरून रंग चढतो, ती खोट नव्हे. आमच्याकडे लोक चढलेला रंग बघूनच चप्पल जुनी झाली म्हणून कौतुक करतात. बाहेरच्याला ते कसं कळणार?

चौकटीबाहेर

वर कुणी बोललं नाही म्हणून. प्रोफाइलवरची चौकट पूर्वी चौरस होती, जानेवारी २०२५ पासून ती उभी, ३:४ झाली. जुने चौरस फोटो तिथे दोन्ही बाजूंनी कापले जातात. तुमचे गोंडे कडेला असतील तर आता प्रोफाइलवर ते दिसत नसणार. यापुढे उभाच फोटो काढा आणि कडेला थोडा मोकळा दगड सोडा.

रंगाचं म्हणाल तर लाइटरूम या फोटो सुधारायच्या ॲपमध्ये आठ रंग वेगळे हलवता येतात. तुम्ही केशरी आणि पिवळ्याला हातच लावायचा नाही, चामडं तिथेच राहतं. बाकीचे, विशेषतः हिरवा आणि निळा, थोडे दाबा. तीच सेटिंग कॉपी करून त्या दिवसाच्या सगळ्या फोटोंना लावा. तुमच्या २९९ च्या गठ्ठ्याने नेमका केशरी हलवला होता. टाकायच्या आधी नऊ फोटो शेजारी शेजारी ठेवून डोळे बारीक करून बघा. जो एकटाच टोचतो तो मागे ठेवा.

रस्सा_वाटी

आणि मिसळ काढून टाका. चपलेच्या दुकानात तर्रीचं काय काम?

चौकटीबाहेर

नका काढू. सगळं कडप्पा आणि चामडंच झालं तर तो कॅटलॉग होईल. फोटो भाऊबंद वाटले पाहिजेत, जुळे नकोत. मिसळसुद्धा त्याच दारात, त्याच उजेडात काढली तर घरचीच वाटते. फक्त केक स्टोरीत टाका, तो दुसऱ्या दिवशी जातो.

वेणी_गोंडा

तीन आठवड्यांनी लिहितोय. राजारामपुरीत एका ओळखीच्यांच्या ओट्याचं काम चालू होतं, तिथून दीड फुटाचा कडप्पा मिळाला, फुकट. रिक्षात मांडीवर घेऊन आलो. सकाळी नऊ ते साडेदहा दारात बरा उजेड असतो. पहिल्या दिवशी ट्यूब बंद केली तर शेजारचे दुकानदार विचारायला आले, लाईट गेली काय म्हणून.

बावीस फोटो झाले. वरच्या सात ओळी आता एका घरच्या दिसतात, त्याच्या खाली जुना बाजार तसाच आहे. तो पुसला नाही, मन होईना. गुलालाचा फोटो मात्र दगडांच्या मधोमध नव्याने टाकला. सगळ्या काळ्या-बदाम्यात तो एकटाच गुलाबी आहे, आणि तो टोचतो हे कबूल, पण राहू दे.

जवळून काढताना एक लक्षात आलं. एका जोडाच्या वेणीत एक पीळ उलटा पडलेला होता, दुकानात आम्हा तिघांनाही दिसला नव्हता. सासऱ्यांना मोठा करून दाखवला. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि जोड कारागिराकडे परत पाठवला.

आता अडचण निराळी झालीय. गिऱ्हाईक आलं की सासरे चप्पल कडप्प्यावर ठेवूनच दाखवतात, 'उठून दिसते' म्हणतात. साडेनऊला मी फोन घेऊन उभा आणि दगडावर गिऱ्हाइकाची पिशवी. उद्यमनगरकडे कुणाकडे दुसरा तुकडा पडून असेल तर सांगा. दीड फूट पुरे, एक बाजू खरबरीत हवी.